लाइपझिग, नाताळ १७३४: ज्या वर्षी नाताळानंतरचा रविवार आलाच नाही

१७३४ साली २५ डिसेंबरला शनिवार आला. लाइपझिगच्या ल्यूथरन मंडळीची त्या वर्षीची सगळी कसरत या एका वारापासून सुरू होते.

लाइपझिग ज्या जर्मन राज्यात होतं त्या सॅक्सनीतल्या ल्यूथरन (मार्टिन ल्यूथर यांच्या प्रोटेस्टंट पंथाच्या) लोकांचा नाताळ एका दिवसात आटपत नसे. २५, २६ आणि २७ डिसेंबर असे सणाचे तीन दिवस पाळले जात. पहिला दिवस शनिवारी आल्यामुळे २६ तारखेचा रविवार सणाच्या दुसऱ्या दिवसानं गिळला. त्यापुढचा रविवार थेट २ जानेवारीला. चर्चच्या पंचांगात ‘नाताळानंतरचा रविवार’ नावाचा जो स्वतंत्र दिवस असतो, तो त्या वर्षी उगवलाच नाही. उलट ‘नववर्षानंतरचा रविवार’, जो कित्येक वर्षी नसतोच, तो मात्र हजर झाला. (हिशेब असा: नाताळ शुक्रवारी, शनिवारी किंवा रविवारी पडला की पहिला रविवार गळतो, रविवारी, सोमवारी किंवा मंगळवारी पडला की दुसरा. नाताळच रविवारी आला तर दोन्ही जातात.)

वारांची ही मोजदाद कोरडी वाटेल. पण तिथल्या उपासनेत प्रत्येक दिवसाचा बायबलमधला उतारा ठरलेला होता, आणि तो बदलणं पाळकाच्या मर्जीवर नव्हतं. दिवस गळला की त्याचा पाठही गळायचा. दिवस आला की त्याचा पाठ वाचावाच लागायचा, मग तो कथेच्या क्रमात बसो वा न बसो.

इथे तपासायचे आहेत ते २५ डिसेंबर १७३४ ते ६ जानेवारी १७३५ हे तेरा दिवस. त्या दिवसांत वेदीवरून काय वाचलं गेलं, सज्ज्यातून, म्हणजे गायक-वादकांच्या माडीवरून, काय गायलं गेलं, दोन्ही का जुळले नाहीत आणि न जुळल्यानं मंडळीच्या कानांवर नेमकं काय पडलं, एवढाच प्रश्न. सज्ज्याची जबाबदारी योहान सेबास्टियान बाख यांच्याकडे होती. १७२३ पासून ते सेंट थॉमस शाळेचे कँटर, म्हणजे गायन शिकवणारे आणि चर्चचं संगीत सांभाळणारे प्रमुख, होते आणि शहरातल्या सेंट निकोलाय व सेंट थॉमस या दोन्ही मुख्य चर्चमधलं संगीत त्यांनी सांभाळायचं होतं. त्या तेरा दिवसांसाठी त्यांनी जे रचलं, ते आज ‘ख्रिसमस ओरॅटोरिओ’ म्हणून ओळखलं जातं (ओरॅटोरिओ म्हणजे बायबलमधली कथा गाऊन सांगणारी रचना). आज ते संगीतसभेत ऐकायचं एक मोठं काम वाटतं. तेव्हा ते सहा वेगवेगळ्या दिवसांच्या उपासनांमधले सहा तुकडे होते.

त्या सहा दिवसांचं वेळापत्रक समोर ठेवलं की पेच लगेच दिसतो.

२५ डिसेंबर, शनिवार: वेदीवर लूक २:१–१४, सज्ज्यात लूक २:१ आणि ३–७.
२६ डिसेंबर, रविवार: वेदीवर लूक २:१५–२०, किंवा पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याच्या स्मरणदिनाचा पर्याय घेतला तर मत्तय २३:३४–३९, सज्ज्यात लूक २:८–१४.
२७ डिसेंबर, सोमवार: वेदीवर योहान १:१–१४, सज्ज्यात लूक २:१५–२०.
१ जानेवारी, शनिवार: दोन्हीकडे लूक २:२१.
२ जानेवारी, रविवार: वेदीवर मत्तय २:१३–२३, सज्ज्यात मत्तय २:१–६.
६ जानेवारी, गुरुवार, प्रकटीकरणाचा सण: वेदीवर मत्तय २:१–१२; सज्ज्यात मत्तय २:७–१२.

क्रम का मोडला

फक्त वेदीच्या पाठांमागे जायचं म्हटलं, तर कथा अशी चालते: पहिल्या दिवशी जन्म आणि देवदूत, दुसऱ्या दिवशी मेंढपाळ, तिसऱ्या दिवशी योहानाची प्रस्तावना, नववर्षाला बाळाचं नाव, २ तारखेला मिसरला पलायन आणि ६ तारखेला मागी लोकांचं, म्हणजे बाळाला भेटायला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांचं, आगमन. म्हणजे हेरोद राजाच्या भीतीनं कुटुंब आधी पळतं, आणि ज्यांच्यामुळे हेरोदाला या बाळाचा पत्ता लागला ते मागी चार दिवसांनी येतात. रोजचा पाठ सुटा घेतला तर यानं काही बिघडत नाही. प्रत्येक उपासना स्वतंत्र असते. पण सहा दिवसांना एका कथेच्या दोऱ्यात ओवायचं ठरलं की ही गाठ सुटत नाही.

दुसरी अडचण योहानाची. ‘प्रारंभी शब्द होता’ इथपासून ‘शब्द देही झाला’ इथपर्यंतचा हा उतारा ल्यूथरन विचाराचा कणा आहे, पण त्यात घटना नाही. ओरॅटोरिओत सुवार्तिकाची भूमिका एक पुरुष गायक करतो आणि तो बायबलचं कथन शब्दशः गातो. कोणी कुठे गेलं नाही, कोणी काही बोललं नाही, तर त्यानं कथन कशाचं करायचं?

ओरॅटोरिओच्या शब्दांची संहिता बहुधा पिकांडर या टोपणनावानं लिहिणाऱ्या, टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या कवीची. तोडगा धीट होता: संगीतातून योहान काढला, मिसरला पलायनही काढलं. लूकच्या वीस वचनांचे तीन दिवसांत तीन भाग केले आणि मागी लोकांच्या बारा वचनांचे दोन. वेदीवरचे पाठ मात्र जागचे हलले नाहीत. ते हलवायचा अधिकार कँटरला नव्हता. उपदेशही ठरलेल्या पाठावरच व्हायचा.

तेरा दिवसांत दहा वेळा

छापील संहितेत कोणता भाग कुठे आणि केव्हा हे दिलेलं आहे. पहिला भाग सकाळी निकोलायमध्ये, दुपारी थॉमसमध्ये. दुसरा सकाळी थॉमसमध्ये, दुपारी निकोलायमध्ये. तिसरा फक्त सकाळी निकोलायमध्ये. चौथा सकाळी थॉमस, दुपारी निकोलाय. पाचवा पुन्हा फक्त निकोलायमध्ये सकाळी. सहावा सकाळी थॉमस, दुपारी निकोलाय. एकूण दहा सादरीकरणं. दोन चर्चमधलं अंतर साधारण अर्धा किलोमीटर. सकाळची उपासना संपली की स्वरलिपीची पानं, वाद्यं आणि मुलं थंडीतून तिकडे न्यायची, आणि सव्वाच्या सुमारास सुरू होणाऱ्या दुपारच्या उपासनेला उभं राहायचं.

हे कोणाच्या जोरावर? २३ ऑगस्ट १७३० रोजी बाख यांनी नगरपरिषदेला दिलेल्या निवेदनात आकडे आहेत. गायकवर्गात प्रत्येक स्वरपट्टीला किमान तीन, म्हणजे बारा मुलं हवीत, सोळा असतील तर उत्तम. वादक अठरा ते वीस. हाताशी काय होतं? शाळेतल्या मुलांपैकी १७ कामाची, २० अजून तयार व्हायची, १७ निरुपयोगी. शहराच्या पगारावरचे वादक आठ, त्यातला एक शिकाऊ. उरलेल्या जागा विद्यार्थ्यांनी आणि शाळेतल्या मुलांनी भरायच्या. तीनचा आग्रह कशासाठी, तेही त्यांनी लिहून ठेवलंय: एक आजारी पडला तरी दोघं उरतात. आणि या दिवसांत मुलं फार आजारी पडतात, शाळेच्या वैद्यानं लिहिलेल्या चिठ्ठ्या पाहा, असा टोलाही आहे. ते निवेदन ऑगस्टमधलं! डिसेंबरची कल्पना त्यावरून करावी. त्यात नववर्षाच्या सुमारास मुलं दारोदार गाऊन पैसेही गोळा करत. तो शाळेच्या उत्पन्नाचा भाग होता आणि त्यातला ठरलेला वाटा कँटरलाही मिळे.

त्या वर्षी आणखी एक घाव बसला होता. शहराचे ज्येष्ठ ट्रंपेटवादक गॉटफ्रिड रायखे ६ ऑक्टोबर १७३४ रोजी वारले, आदल्या संध्याकाळी राजापुढे मशालींच्या उजेडात झालेल्या कार्यक्रमात वाजवून. पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या भागाला तीन-तीन ट्रंपेट आणि नगारे लागतात. ते त्यांच्या पश्चात वाजले.

शक्ती पुरवून वापरायची युक्ती वाद्यांच्या वाटपात दिसते. ट्रंपेट पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या भागातच. दुसऱ्यात बासऱ्या आणि चार ओबो (सनईसारखी वाद्यं), मेंढपाळांच्या पाव्यासारखे. चौथ्यात दोन हॉर्न. पाचव्यात तर पितळी वाद्यच नाही. तंतुवाद्यं आणि दोन ओबो दामोरे (ओबोचाच खालच्या पट्टीतला प्रकार), बस्स. हा धडा जुना असावा. अकरा वर्षांपूर्वी, २ जानेवारी १७२४ च्या याच रविवारी, बाख यांनी गायकवर्गाला फक्त साधी चार पट्ट्यांची गीतं दिली होती आणि वाद्यांत फक्त तंतुवाद्यं ठेवली होती. नाताळच्या माऱ्यानंतर मुलांचे गळे उरले नव्हते, हे त्याचं नेहमी दिलं जाणारं कारण पटण्यासारखं आहे.

तयारीला वेळ कुठून मिळाला, याचं उत्तर आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांत, आहे. लाइपझिगमध्ये आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारापासून चौथ्यापर्यंत वाद्यांसह मोठं संगीत होत नसे. १७३४ मध्ये ते रविवार ५, १२ आणि १९ डिसेंबरचे. तीन आठवडे चर्च शांत आणि तालीम जोरात. शिवाय बरंचसं संगीत नव्यानं रचायचं नव्हतं. वर्षभरापूर्वी राजपुत्राच्या (५ सप्टेंबर १७३३) आणि राणीच्या (८ डिसेंबर १७३३) वाढदिवसांसाठी केलेल्या रचनांना नवे शब्द बसवले होते. राणीसाठी वाजलेले नगारे आता गोठ्यातल्या राजासाठी वाजले. आजच्या वाचकाला यात काटकसर दिसते. त्या काळच्या कानाला राजाचं संगीत म्हणजे काय हे माहीत होतं, आणि ते कोणासाठी वाजतंय एवढंच बदललं होतं.

ऑर्गनचा एक तपशील, कारण तिथे आजही लोक फसतात. चर्चचा ऑर्गन ओबो-बासऱ्यांपेक्षा एक पूर्ण स्वर उंच लावलेला असे. म्हणून ऑर्गनवादकाचं पान एक स्वर खाली उतरवून लिहावं लागे: बाकी सगळे डी मेजरमध्ये, त्याच्यापुढे सी मेजर. हे पान लिहायचं राहिलं किंवा चुकीचं उचललं गेलं, तर पहिल्याच स्वराला गोंधळ. त्यावर थंडीची भर. हवा गार झाली की ऑर्गनच्या नळ्यांचा सूर दर अंशाला सुमारे तीन सेंट (एका पूर्ण स्वराचे दोनशे सेंट) उतरतो. वीस अंशांवर जुळवलेला ऑर्गन पाच अंशांवर जवळजवळ पाव स्वरानं खाली येतो. ओबो मात्र वादकाच्या श्वासानं ऊब धरून चढत जातो. म्हणून सूर जुळवायचा तो त्याच थंड इमारतीत, ओबो पुरेसा फुंकून झाल्यावर. शाळेच्या उबदार खोलीत जुळवून आणलेला इथे टिकत नाही.

२ जानेवारी: एकाच सकाळी दोन टोकं

पूर्ण प्रकरणाचा गाभा या एका सकाळी आहे, म्हणून ती क्रमानं पाहू.

निकोलायमधली मुख्य उपासना सातला सुरू होई. लाइपझिगमध्ये जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य सव्वाआठच्या आसपास उगवतो. म्हणजे सुरुवात मेणबत्त्यांच्या उजेडात. ऑर्गनची सुरावट, वाद्यांविना गायन, ‘प्रभो, दया कर’, ‘गौरव’, प्रार्थना. मग पत्राचा पाठ: १ पेत्र ४:१२–१९, परीक्षेच्या अग्नीचं नवल मानू नका. एक गीत. मग शुभवर्तमान, वेदीवरून सुरात म्हटलेलं: मत्तय २:१३ पासून पुढे. त्याचे पहिलेच शब्द ‘ते गेल्यावर’ असे आहेत. ते म्हणजे मागी. योसेफाचं स्वप्न, रात्रीतून मिसरची वाट, बेथलेहेमातल्या मुलांची कत्तल, राहेलचा आक्रोश, नासरेथास परतणं.

पाठ संपतो आणि लगेच, कारण लाइपझिगमध्ये मुख्य संगीताची जागा शुभवर्तमानाच्या लगेच नंतर होती, सज्ज्यातून पाचवा भाग सुरू होतो. त्यात तेच मागी आत्ता कुठे यरुशलेमेत पोहोचताहेत आणि विचारताहेत, यहूद्यांचा राजा कुठे जन्मला?

पाचेक मिनिटांपूर्वी जे निघून गेले ते आता येताहेत. मंडळीतला कोणी चक्रावला असेल का? फारसा नसावा. या लोकांना दोन्ही उतारे पाठ होते आणि संहितेच्या छापील पुस्तिका विकत मिळत, त्या हातात धरून ऐकता येत. पण भावनेचा सांधा खडबडीत आहे, हे मान्य करावं लागतं. हा रविवार एरवी दुःखाचा. बाख यांनी १७२४ आणि १७२७ साली याच रविवारासाठी केलेल्या दोन्ही रचना छळ आणि क्लेश याच विषयावरच्या आहेत. १७३५ मध्ये मात्र पत्र सांगतं अग्निपरीक्षा, शुभवर्तमान सांगतं कत्तल आणि सज्जा गातो आनंदानं.

तरीही पाचव्या भागाच्या शब्दांत सांधा जुळवायचा प्रयत्न दिसतो. मागी विचारतात राजा कुठे आहे, आणि एक आल्टो (खालच्या पट्टीतला) स्वर मध्येच उत्तर देतो: त्याला माझ्या अंतःकरणात शोधा. हेरोद घाबरला या वचनावर थांबून विचारलं जातं, तुम्ही का घाबरता, उलट आनंद नको का व्हायला? आणि बास आवाजातलं एक गीत काळोख्या बुद्धीत प्रकाश पाड अशी विनवणी करतं. पावणेआठच्या सुमारास, सूर्य उगवायच्या आधी, हे मागणं अगदी शब्दशः खरं होतं.

संगीताला साधारण अर्धा तास, मग विश्वासांगीकाराचं गीत आणि आठच्या सुमारास उपदेश, तासभर. प्रत्येक भाग पंचवीस-तीस मिनिटांतच का बसवलाय त्याचं कारण हे घड्याळ आहे. उपदेश अर्थातच मिसरवर. त्यानंतर प्रार्थना, सूचना आणि प्रभुभोजन; किती जण घेतात त्यावर दहा वाजणार की अकरा हे ठरे.

दोन चर्च, दोन वेगळ्या गोष्टी

आतापर्यंतचा हिशेब तोट्याचा दिसतो. पण दोन चर्चच्या दोन मंडळ्या वेगळ्या काढून पाहिल्या की चित्र बदलतं.

लाइपझिगमध्ये चर्चमधल्या बैठका घराण्यांच्या नावे असत, भाड्यानं किंवा विकत. त्यामुळे माणूस सहसा आपल्याच चर्चला जाई. निकोलायच्या मंडळीला सहाही भाग मिळाले. थॉमसच्या मंडळीला चार: पहिला, दुसरा, चौथा, सहावा. म्हणजे त्यांच्या संगीतात मेंढपाळ बेथलेहेमला पोहोचलेच नाहीत आणि मागी यरुशलेमेत आलेच नाहीत. सहाव्या भागात हेरोद त्यांना एकदम गुपचूप बोलावताना दिसतो.

इथे वेदीवरचे न जुळणारे पाठ उपयोगी पडतात. मेंढपाळांचा उतारा थॉमसमध्ये संगीतात नाही, पण २६ तारखेचा सणाचा पाठ तोच आहे. मागी आल्याची सहा वचनं संगीतात नाहीत, पण ६ जानेवारीचा पाठ पहिल्या वचनापासून सुरू होतो, आणि तो संपल्यावर लगेच सहावा भाग सातव्या वचनापासून कथा उचलतो. वेदी आणि सज्जा एकाच उताऱ्यावर एकाच दिवशी असते, तर तिसऱ्या आणि पाचव्या भागाच्या जागी थॉमसच्या लोकांना ती वचनं दोनदा ऐकायला मिळण्याऐवजी एकदाच मिळाली असती, एवढाच फरक झाला असता. पण सरकलेल्या क्रमामुळे, संगीत हुकलं त्याच दिवशी त्यांना योहान आणि मिसर मिळाले, आणि हुकलेली कथा दुसऱ्या दिवसाच्या पाठातून. हे मुद्दाम योजलेलं होतं असा दावा करायचं कारण नाही. घडलं तसं, एवढं वेळापत्रकच दाखवतं. एकच अट: २६ तारखेला स्तेफनाचा पर्याय घेतला, तर हे ठिगळ सुटतं.

वचनावर थांबायची रीत

या सहा भागांत वचनावर मनन करायची एक ठरीव पद्धत आहे, आणि ती वाद्यांशिवायही वापरता येते. आधी सुवार्तिक बायबलचं वचन जसंच्या तसं म्हणतो, एक शब्द न वाढवता. मग कोणीतरी एक जण त्यावर विचार बोलतो. मग त्याच विचाराची प्रार्थना होते, मी आणि तू अशा भाषेत. शेवटी मंडळीच्या ओळखीचं गीत येतं. लोक बहुधा ऐकतच असत, पण चाल आणि शब्द त्यांच्या तोंडी होते. वचन, विचार, प्रार्थना, होकार. यातली एक पायरी वगळली की काय होतं ते सहज कळतं. विचार गाळला तर प्रार्थना हवेत राहते. प्रार्थना गाळली तर निबंध उरतो.

१ जानेवारीचा भाग या पद्धतीची कसोटी आहे, कारण तिथे वचन एकच: आठव्या दिवशी सुंता झाली आणि देवदूतानं सांगितलेलं येशू हे नाव ठेवलं. एका वाक्यावर जवळजवळ अर्धा तास. संहिता सुंतेवर रेंगाळत नाही, सगळं नावावर उभं करते: ‘तारणारा’ असा अर्थ असलेल्या नावाला मरणाची भीती घालता येईल का? एका गीतात जीव विचारतो, हे नाव मला भिववतं का, आणि प्रतिध्वनी उत्तरतो, नाही. मग मी आनंद करू का? हो. हेच संगीत राजपुत्राच्या वाढदिवसाला हर्क्युलिस आणि प्रतिध्वनी यांच्यात झालं होतं. तिथे वाट निवडणारा वीर होता, इथे भ्यालेला जीव आहे. माझ्या मते उसनवारी सगळ्यात चांगली जमलीय ती इथे.

आणि जिथे उसनं घेतलं नाही, तेही पाहण्यासारखं. तिसऱ्या भागात मेंढपाळ ऐकलेलं सांगतात आणि मरीया त्या सगळ्या गोष्टी अंतःकरणात ठेवून त्यांचं मनन करते (लूक २:१९). या वचनावरचं गीत हे सबंध रचनेतलं नव्यानं रचलेलं एकमेव एकलगीत. एक आल्टो स्वर आणि एक व्हायोलिन. दोन दिवसांच्या गजरानंतर आवाज इतका खाली येतो. नाताळानंतरच्या दिवसांत उपदेश करणाऱ्यांनी या वचनाकडे वळावं: देवदूत गेले, आणि आई ऐकलेल्या गोष्टी मनात जुळवत बसली आहे.

एका चालीबद्दलही सांगायला हवं. पहिल्या भागात, बाळाचं स्वागत कसं करू असं विचारणाऱ्या पाउल गेरहार्ट यांच्या गीताला जी चाल दिलीय, तीच सहाव्या भागाच्या अगदी शेवटी ट्रंपेटांच्या गराड्यात परत येते. ही चाल लोकांना मरणाच्या आणि दुःखसहनाच्या गीतांची म्हणून ठाऊक होती. वधस्तंभाची सावली पाळण्यावर पाडायचा हेतू होता की ती फक्त एक सोयीची चाल होती, यावर वाद आहे. पण सुरुवातीला आणि शेवटी एकच चाल ठेवणं हे सोयीनं होत नाही.

हाच पेच आज

मत्तयाचा हा उलटा क्रम जुन्या पंचांगाबरोबर संपलेला नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच ल्यूथरन मंडळ्या जी तीन वर्षांची पाठमालिका वापरतात, तिच्या ‘अ’ वर्षात नाताळानंतरच्या पहिल्या रविवारी मत्तय २:१३–२३ येतो. मागी ६ जानेवारीपर्यंत यायचेच असतात. २०२५ चा नाताळ असा होता, आणि तो रविवार २८ डिसेंबरला, नेमका निष्पाप बालकांच्या, म्हणजे हेरोदानं मारलेल्या बेथलेहेमच्या मुलांच्या, स्मरणदिनी पडला.

तिथे नेहमी होणारी चूक म्हणजे गव्हाणीच्या देखाव्यात मागी आधीच ठेवून देणं, आणि मग ‘ते गेल्यावर’ असं वाचणं. मुलंसुद्धा बोट दाखवतात. दुसरी चूक जास्त गंभीर: उपस्थिती कमी, पाळक सुट्टीवर, म्हणून कत्तलीची तीन वचनं (१६–१८) गाळून पाठ गोड करणं. उरतं ते स्वप्न आणि प्रवास. कशापासून पळाले ते कोणाला कळतच नाही. त्यापेक्षा वाचकानं पाठाआधी एकच वाक्य सांगावं, की मागी येऊन गेले त्यानंतरची ही गोष्ट आहे आणि त्यांचं येणं आपण ६ तारखेला वाचू. छापील पत्रकात दोन्ही संदर्भ एकाखाली एक द्यावेत. गीतं दोन-तीनच, नाताळचीच पण मंद लयीची. पाठानंतर लगेच गीत नको, मिनिटभर शांतता. लाइपझिगमध्ये तिथे शांतता नव्हती, आणि त्या सकाळची उणीव तीच.

आपल्या बाजूचा एक दुवा २८ डिसेंबरशीच जोडलेला आहे. लाइपझिगच्या या नाताळाआधी जवळजवळ वर्षभर, २८ डिसेंबर १७३३ रोजी, तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत आरोन या तमिळ उपदेशकाला पाळकपदाची दीक्षा मिळाली. ते पहिले भारतीय ल्यूथरन पाळक. वसाहतीच्या कुंपणाबाहेर तेव्हा तंजावरच्या भोसल्यांचं राज्य होतं.

गळलेला दिवस

परत १७३४ कडे. जो रविवार आला नाही, त्याचा पाठ लूक २:३३–४० होता: मंदिरात भेटलेल्या शिमोनाचं मरीयेला उद्देशून बोलणं, तुझ्या जिवातून तलवार जाईल, आणि मग हन्ना. वयानं फार झालेली विधवा, मंदिर न सोडणारी, त्या वेळी तिथे येऊन बाळाविषयी सगळ्यांना सांगणारी. शिमोन काही अंशी सावरला जातो, कारण २ फेब्रुवारीच्या सणाचा पाठ लूक २:२२–३२ आहे. पण तो बत्तिसाव्या वचनाला थांबतो. हन्ना छत्तिसाव्यात येते. ९ जानेवारीच्या रविवारी मंडळीनं लूक २:४१–५२ ऐकलं, तेव्हा तीन दिवसांपूर्वी मागी ज्याच्या पायाशी वाकले होते तो मुलगा बारा वर्षांचा झालेला होता.

१७३३ मध्ये नाताळ शुक्रवारी होता. रविवार २७ तारखेच्या तिसऱ्या दिवसात विरला. १७३५ मध्ये नाताळच रविवारी आला. म्हणजे २८ डिसेंबर १७३२ नंतर हन्नेचा पाठ रविवारच्या मुख्य उपासनेत यायची पुढची तारीख ३० डिसेंबर १७३६ होती.